वाळूला जुंपलेली बर्फाची मशीन

मी बर्फ उडवायची मशीन. बोलतेय शारजातून, औद्योगिक भागातल्या एका गॅरेजच्या मागच्या आवारातून. इथं बर्फ दिसतो तो फक्त लिंबू सरबताच्या ग्लासात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

आधी माझा आकार सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही. मला ट्रॅक्टरच्या पाठीला जोडतात. दोन खाटा शेजारी शेजारी टाकल्यावर होईल एवढी माझी रुंदी. तोंडाशी आडवा लोखंडी स्क्रू, तो फिरतो आणि पुढ्यातलं सगळं गोळा करून आत ओढतो. आत पंखा. पंखा ते वरच्या नळकांड्यातून लांब फेकून देतो. मी पाठीला असते म्हणून ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. माझा चालवणारा सगळा दिवस मान मागं वळवून बसतो. माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाची मान धरते, आणि त्याबद्दल कुणी माझे आभार मानले नाहीत.

जन्म जपानचा, वर होक्काइडो म्हणून बेट आहे तिथला. माझा पहिला मालक एक दूधवाला म्हातारा. त्याच्या गोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट मी सतरा हिवाळे मोकळी केली. म्हातारा बोलायचा कमी. बर्फाखाली दगड, गोठलेलं लाकूड असं काहीतरी दडलेलं असायचं. स्क्रू त्यात अडकला की माझ्यातला एक बोल्ट तुटायचा. तो बोल्ट मुद्दाम नरम असतो. घरात फ्यूज जातो आणि घर वाचतं, तसा तो तुटतो आणि माझा गिअरबॉक्स वाचतो. म्हातारा कधी चिडला नाही. खाली उतरायचा, नवा नरम बोल्ट घालायचा, परत चढायचा. तो गेला. पोरानं गाई विकल्या, ट्रॅक्टर विकला, ट्रॅक्टरबरोबर मला विकलं. कंटेनरमध्ये भरून समुद्रावर घातलं. कुणी निरोपाला आलं नाही. मी कुणाची लेक नव्हते म्हणा.

शारजात उतरले आणि आठ महिने एका यार्डात पडून राहिले. येणारे जाणारे बघायचे. एक म्हणाला कडबा कापायचं यंत्र. दुसरा म्हणाला सिमेंट कालवायचं. एकानं तर माझ्या तोंडात चहाचे कागदी कप टाकायला सुरुवात केली. माझ्या अंगावर इशाऱ्याचं स्टिकर होतं, पण ते जपानी. वाचणार कोण?

मग आला व्हिन्सेंट. वसईचा माणूस, राहायला अजमानला. एका कंपनीत सुपरवायझर. कंपनीकडं अल ऐनच्या बाहेर एका मोठ्या शेख माणसाच्या फार्मचं काम होतं. उंटांचे गोठे, खजुराच्या बागा, पाहुण्यांचा बंगला, आणि तिथं जाणारा चार किलोमीटरचा रस्ता. वारं सुटलं की रस्त्यावर वाळू चढायची. ती शॉवेलनं, म्हणजे पुढं मोठं लोखंडी सुपडं असलेल्या गाडीनं, काढायला वेळ लागायचा. व्हिन्सेंटनं मोबाईलवर माझ्या जातीच्या मशीनचा व्हिडिओ बघितला होता, बर्फाचं कारंजं उडवणारा. यार्डवाल्याला म्हणाला, "स्नो क्या और सँड क्या, हबीबी. कलर का फरक. पॅक करो."

अशी मी वाळूला जुंपली गेले.

तिथं मला सोमनाथ भेटला. करमाळ्याकडचा. वय त्रेचाळीस, अकरा वर्षं याच कंपनीत. गावाकडं दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवून हात बसलेला. इथंही आला त्या दिवसापासून ट्रॅक्टरच चालवतोय. पण त्याच्या लेबर कार्डावर काय लिहिलंय? हेल्पर. अकरा वर्षं हेल्पर. कार्ड नवं करायची वेळ आली की व्हिन्सेंट म्हणायचा, "सोमा, नेक्स्ट टाइम पक्कं तुला ऑपरेटर करतो." नेक्स्ट टाइम यायचा आणि जायचा. कागदावर हेल्पर, सीटवर ऑपरेटर. कंपनीला दोन्हीकडून बरं.

पहिल्या दिवशी व्हिन्सेंट गाडीतून उतरला, पांढरा शर्ट, काळा चष्मा. म्हणाला, "चल, उडव." सोमनाथ म्हणाला, "साहेब, वारं कुठलंय बघू द्या." व्हिन्सेंट म्हणाला, "अरे उडव रे, यल्ला." उडवलं. दोन मिनिटांत साहेब बेसनात घोळवलेल्या भज्यासारखे दिसायला लागले. चष्म्याच्या आत वाळू, कानात वाळू. सोमनाथनं इंजिन बंद केलं आणि दुसरीकडं तोंड फिरवून खांदे हलवत बसला. मला कळलं, हा हसतोय. तेव्हापासून तो मला आवडला.

नंतर त्यानं आपल्या पद्धतीनं सुरू केलं. खाली उतरायचा, मूठभर वाळू उचलून हवेत सोडायचा. गावी खळ्यावर धान्य उफणताना वारं बघतात ना, अगदी तसं. वाळू जिकडं उडेल तिकडं माझं नळकांडं फिरवायचं. रात्रीत चढलेली भुसभुशीत वाळू तेवढीच घ्यायची, बसून घट्ट झालेल्या वाळूला हात लावायचा नाही. ती शॉवेलला सोडायची. माझा स्क्रू वाळूनं झिजायचा. तो दर आठवड्याला चाचपून बघायचा, ग्रीस भरायचा, ट्रॅक्टरच्या इंजिनची जाळी झाडायचा. वाळूसाठी मी नव्हतेच, पण त्यानं मला वाळूतही तीन वर्षं चालवलं. शॉवेलला दिवस लागायचा ते काम आम्ही दुपारच्या जेवणाआधी उरकायचो. शेख माणसाचा मॅनेजर, त्याला सगळे मुदीर म्हणायचे, एकदा काच खाली करून 'गुड, गुड' म्हणून गेला. ते 'गुड' व्हिन्सेंटनं घेतलं. सोमनाथला धूळ मिळाली.

एका शुक्रवारी व्हिन्सेंट आपल्या मुलीला फार्म दाखवायला घेऊन आला. जेनेल, बारा-तेरा वर्षांची. उंट बघून झाले, मग माझ्यापाशी आली. बाप मराठीत बोलतोय, ही इंग्रजीत.

"ही बघ पप्पाची मशीन."

"डॅड, दिस इज अ स्नोब्लोअर. लाइक, फॉर स्नो."

"हो गं, पण आपण सँडला वापरतो. स्मार्ट ना?"

 तिनं मोबाईल काढून माझ्या स्टिकरवर धरला. तिच्या मोबाईलला जपानी वाचता येत होतं. वाचून दाखवलं, आणि बापानंच सोमनाथला मराठीत सांगितलं, हसत हसत. "ऐक सोमा, काय लिहिलंय. ठरलेलाच नरम बोल्ट वापरा. तो तुटण्यासाठीच आहे. कडक बोल्ट घातलात तर गिअरबॉक्स फुटेल. बघ जपान्यांचं! तुटण्यासाठीच म्हणे."

सोमनाथ हसला नाही. म्हणाला, "बरोबर आहे साहेब. मी तेच करतो."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. हे ध्यानात ठेवा. पुढं कुणी विचारलं की माहीत नव्हतं म्हणतात माणसं.

यंदाच्या मार्चात मुदीरच्या घरचं लग्न ठरलं, फार्मवरच. दोन दिवस राहिले होते आणि उत्तरेचं वारं सुटलं. इकडं त्याला शमाल म्हणतात. शमाल सुटला की आभाळ खाकी होतं, आणि झाडून काढलेला रस्ता चहा पिऊन येईपर्यंत गायब होतो. त्यातच तंबूवाल्यांनी रस्त्याकडेला खुंट्या, तारा, टायरचे तुकडे टाकलेले, वर वाळू बसलेली. एका सकाळी माझे पाच बोल्ट तुटले. दर वेळी पंधरा मिनिटं काम बंद. तिकडं फुलांचा ट्रक रुतला. मुदीरनं व्हिन्सेंटला फोनवर काय सुनावलं कुणास ठाऊक, साहेब गाडी उडवत आले.

"काय चाललंय सोमा? दर अर्ध्या तासानं खाली उतरून बसतोस!"

"बोल्ट जातोय साहेब. वाळूत लोखंड आहे. दोन माणसं द्या, पुढं चालत खुंट्या वेचतील, मी मागनं येतो."

"माणसं कुठनं आणू? सगळी तंबूला लागलीत. कडक बोल्ट टाक."

"साहेब, बेबीनं वाचलं होतं ना..."

"बेबी सातवीत आहे रे! ती मला शिकवणार का? हाय टेन्साइल टाक आणि खलास कर. मी सांगतो ना. जबाबदारी माझी." मग आवाज खाली आणला. माणसाला काही करून घ्यायचं असलं की आवाज खाली येतोच. "हे लग्न निभावलं ना, तर पुढच्या महिन्यात तुझं रिन्यूअल आहे. हेल्पर काढून ऑपरेटर करून घेतो. आईशप्पथ."

 त्याच सकाळी माझ्या अंगाला टेकून सोमनाथ बायकोशी फोनवर बोलला होता, ते मी ऐकलं होतं. रंजिता, त्याची बायको, तिकडनं सांगत होती, "स्वप्नालीला बघायला आले होते. नवरा मुलगा बरा आहे. त्याच्या मामानं विचारलं, मुलीचे वडील दुबईत करतात काय? मी म्हटलं, ऑपरेटर. तर म्हणाला, कार्डाचा फोटो पाठवा, आमचा एक भाचा तिकडंच असतो. आता काय करू?"

"अल ऐन म्हणजे दुबई नव्हे गं."

"ते राहू द्या हो. कार्डाचं काय करू ते सांगा."

"थांब जरा. महिनाभर थांब म्हण त्यांना."

महिनाभर. एवढ्यावर लेकीची सोयरीक लोंबकळत होती.

त्यानं कडक बोल्ट घातला. पान्हा दोनदा निसटला. मला आत शिरताक्षणी कळलं. नरम बोल्टाला अंग असतं, तो दाबला की जरा नमतो. हा सरळ आत घुसून ताठ बसला, घरात आलेल्या आगाऊ पाहुण्यासारखा. मी ओरडले असते. मला ओरडायला नळकांडं दिलंय, पण त्यातनं फक्त वाळू निघते.

दीड दिवस सुरळीत गेला. साहेब खूश, मुदीर खूश. लग्नाच्या दिवशी सकाळी अकराला वळणावर वाळूखाली तंबूची एक जाड लोखंडी मेख आडवी पडलेली होती. स्क्रूनं ती ओढली. बोल्ट तुटला नाही. तुटण्यासाठी तो नव्हताच. तडा माझ्या गिअरबॉक्सला गेला, वरपासून खालपर्यंत. काळं तेल वाळूवर सांडलं. सोमनाथ उतरला आणि तेलात बोटं बुडवून बसून राहिला. पाहुण्यांच्या गाड्या आमच्या कडेनं वळून गेल्या. काही लोकांनी फोटो काढले.

मला बंद गाड्या उचलून नेणाऱ्या रिकव्हरीच्या गाडीवर घालून इथं शारजात आणलं. हे गॅरेज तहाचं. तहा पेशावरकडचा, साठीला टेकलेला, यंत्राच्या पोटाला कान लावणारा माणूस. त्यानं मला उघडलं, दिवा आत घातला, आणि व्हिन्सेंटला सांगितलं, "गेअर सलामत हैं. सिर्फ बाहर का डिब्बा फटा है. डिब्बा मैं ला दूँगा, पंधरा दिन. छे हजार दिरहम में फिर खडी कर दूँगा."

"सहा हजार म्हणजे दीड लाख रुपये झाले जवळजवळ," सोमनाथ हळूच म्हणाला. "नव्या मशीनपुढं काहीच नाही साहेब."

तहानं बोल्ट बाहेर काढला, तळहातावर तोलला. "ये किसने डाला?"

 वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू होता, त्याच्या आवाजाआड सगळे लपले.

आता निर्णय मुदीरचा होता, पण मुदीर बघणार होता व्हिन्सेंटचा रिपोर्ट. दुरुस्त झाले असते तर सोमनाथ माझ्यावर राहिला असता. मला टाकून दिलं तर भाड्याच्या कंपनीकडनं शॉवेल कायमचं येणार होतं, त्याचा ऑपरेटर त्याच्याबरोबर. मग सोमनाथला सीट कुठली, आणि कार्डावर ऑपरेटर लिहायचं कारण तरी कुठलं? म्हणून तो त्या दिवशी सुट्टी काढून अल ऐनहून दोन बस बदलून इथं आला होता. यंत्राला बघायला कुणी एवढ्या लांब येत नाही. मी फुशारकीनं सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

व्हिन्सेंटनं टाइप केलेला कागद माझ्याच पाठीवर ठेवला. टेबल नव्हतं.

"सही कर सोमा. फॉर्मॅलिटी आहे."

"काय लिहिलंय साहेब?"

"अरे, रिपोर्ट. इंग्लिशमध्ये आहे, तुला कुठं..."

"म्हणूनच म्हणतो. मराठीत वाचा."

व्हिन्सेंटनं चष्मा लावला. इंग्रजीत खोटं बोलणं सोपं असतं, टाइप केलं की झालं. आईच्या भाषेत त्याच माणसासमोर वाचायचं म्हणजे जीभ अडखळते. अडखळत अडखळत त्यानं वाचलं. "ऑपरेटर सोमनाथ यांनी... सूचनेविरुद्ध... चुकीचा बोल्ट बसवला. निष्काळजीपणा. त्यामुळं मशीनचं नुकसान." मग घाईघाईनं म्हणाला, "अरे, काही होत नाही रे. एक वॉर्निंग लेटर येईल. मी आहे ना. माझ्यावर आलं तर माझं पॅकेज, जेनेलची स्कूल, सगळं... तू समजून घे. आपण आपले लोक."

"आपले लोक," सोमनाथ म्हणाला.  मग कागदावर बोट ठेवलं. "हे पहिलं अक्षर काय आहे? ओ का?"

"ऑपरेटर."

"म्हणजे मी ऑपरेटर."

"हो... म्हणजे, लिहायला लागतं तसं."

"अकरा वर्षं तुमच्या पाया पडलो हा शब्द लिहा म्हणून. आज लिहिलात. चोर ठरवायला लिहिलात." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "खोडा तो. माझ्या कार्डावर हेल्पर आहे ना? मग लिहा, हेल्पर सोमनाथनं मशीन मोडली. मग मुदीर विचारेल, हेल्परला ट्रॅक्टरवर बसवला कुणी? तीन वर्षं बसवला कुणी?"

ग्राइंडर नेमका तेव्हाच थांबला. तहा मान खाली घालून हात पुसत राहिला.

व्हिन्सेंट कागद परत पहिल्यापासून वाचायला लागला. हेल्पर लिहावं तर स्वतः अडकतो. ऑपरेटर लिहावं तर कार्ड खोटं पडतं. मी मनात म्हटलं, शाब्बास रे गड्या! आता खरं लिहा. लिहा की घाई होती, माणसं दिली नाहीत, कडक बोल्ट सांगून घातला. सहा हजार दिरहम भरा आणि मला उभी करा. एवढ्या जवळ आलं होतं खरं, हाताच्या अंतरावर.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

ती नजर मला माहीत आहे. घरात दोघांचं भांडण मिटवायचं असलं की तिसऱ्याकडं अशी नजर जाते, ज्याला तोंड नाही त्याच्याकडं.

"जुनीच होती ना तशी," व्हिन्सेंट म्हणाला. "सेकंडहँड. वय झालं होतं, असं लिहू? नो वन्स फॉल्ट. तुझ्यावर नाही, माझ्यावर नाही. तू राहशील कंपनीत, तेवढा शब्द देतो."

"उमर नहीं हुई इसकी," तहा मधेच बोलला. "मैंने खुद देखा है. दस साल और चलेगी."

"तुम मेकॅनिक है तहाभाई, डॉक्टर नहीं."

सोमनाथ माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता. याच हातानं तो दर आठवड्याला ग्रीस भरायचा. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला त्या हातातून कळत होतं. रंजिता, लेकीचा होणारा मामेसासरा, कार्डाचा फोटो, परतीचं तिकीट. नाही म्हटलं तर उद्या विमानात. हो म्हटलं तर निदान हेल्पर.

"लिहा," तो म्हणाला.

आणि हात काढून घेतला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. संन्याशाला निदान विचारत असतील, काही म्हणायचंय का. मला कुणी विचारलं नाही. माझी सही लागत नव्हती.

मुदीरनं रिपोर्ट वाचून दोन शब्द लिहिले म्हणे. रिप्लेस करा. शॉवेल आलं, त्याच्यावर लायसन्सवाला नवा ऑपरेटर आला. मी तहाच्या मागच्या आवारात राहिले. त्यानं मला भंगाराच्या भावात घेतलं, आणि आता सुटे भाग विकतोय.

परवा सोमनाथ आला, कंपनीच्या पिकअपमधून. साहेबानं पाठवलेलं. ट्रॅक्टरला आता पाण्याचा पंप जोडायचाय, त्यासाठी ट्रॅक्टरची फिरकी माझ्यात आणणारा माझा दांडा पाहिजे होता. तहानं चहा मागवला. त्यांचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

"नया कैसा चल रहा है?"

"चलता है. ऑपरेटर ऊपर बैठता है. मैं नीचे झाडू लेके."

"और कार्ड?"

"रिन्यू हो गया." चहाचा घोट घेतला. "हेल्पर."

"बेटी का रिश्ता?"

"उन्होंने फोन नहीं उठाया फिर."

 सोमनाथनं माझा दांडा सोडवायला पान्हा लावला. नट गंजला नव्हता, त्यानंच ग्रीस लावलेलं. सहज सुटला. जाताना विचारलं, "भाई, अभी भी जोडेंगे तो चलेगी ये?"

"चलेगी. मालिक बोले तो आज भी चलेगी."

सोमनाथनं दांडा पिकअपमध्ये टाकला. मागच्या दाराची कडी लावली. माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याला शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, तीन महिने जमवलेल्या. निघाल्या नाहीत. त्याला विकून मला कुणी वाचवलं असतं तरी मला कुठं बरं वाटलं असतं? पण त्यानं मला विकलं आणि स्वतःही वाचला नाही, हा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. अजमानकडं तोंड करून थुंकावंसं वाटतं. तिकडं साहेब राहतात, जेनेल शाळेत जाते, सगळं ठीक आहे.

तुम्हाला एक सांगते, वाचताय म्हणून. घरातली, कामावरची जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका. माणसंही टाकतात, मी काय चीज. पण कागदावर कारण खरं लिहा. घाई होती असं लिहा. ऐकलं नाही असं लिहा. भीती वाटली असं लिहा, तेही चालेल. 'वय झालं' लिहून हात धुऊ नका. माझं वय झालं नव्हतं. माझा गिअर शाबूत होता, तहानं स्वतः बघितला होता.

आज माझं नळकांडं कापणार आहेत. कुठल्याशा कोंबड्यांच्या फार्मला खाद्य ओतायला पाहिजे म्हणे. तहानं गॅस कटर पेटवलाय, निळी ज्योत मला इथनं दिसतेय. तो चांगला माणूस आहे, लवकर उरकेल. नळकांडं गेलं की माझा आवाज गेला. म्हणून सगळं आधीच बोलून घेतलं.